रेषेच्या डावीकडे

"काका, ये आप जानबूझकर करते हो क्या?" शिशिरने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच लागलं. टोमणा असता तर मी उलटा दिला असता. या गावात तीस वर्षं पेटी बडवून मी दुसरं काही नाही तरी उलटून बोलायला शिकलो. पण तो खरंच विचारत होता. रायपूर राजधानी व्हायच्या आधी चार वर्षं तो माझ्याकडे पेटी शिकायला यायचा, नाक ओढत, समता कॉलोनीतल्या आमच्या मागच्या खोलीत. आता चौबे कॉलोनीत त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे आणि तो मला काका म्हणून बोलावतो आणि काम देतो. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर माझं वाजवणं उघडं पडलं होतं. हिरव्या लहान लहान विटा, एक सूर म्हणजे एक वीट, आणि त्यांच्यामधून मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेषा. प्रत्येक वीट रेषेच्या डावीकडे सुरू होत होती. एखाददुसरी नाही, सगळ्या. डावीकडे म्हणजे आधी. शिशिरने एका विटेवर बाण नेला. "सत्तर मिलिसेकंद." दुसरीवर नेला. "ये अड़सठ. ये बहत्तर. तान ली है वहाँ भी सत्तर. आदमी इतना एक जैसा गलत नहीं बजाता, काका. इसलिए पूछा."

मी म्हणालो, "तू सरळ नाही केलं काय?" आमच्यात त्याला सरळ करणं म्हणतात. सगळ्या विटा निवडायच्या, एक बटण दाबायचं, आणि त्या मुकाट रेषेवर जाऊन उभ्या राहतात, शाळेतल्या प्रार्थनेसारख्या. शिशिर म्हणाला, या अल्बममध्ये करायचं नाही, पैसे देणाऱ्या पार्टीला लाइव्ह फील पाहिजे. फील. अठरा वर्षांपूर्वी हेच लोक म्हणत होते की कॉम्प्युटरवाला पक्का ताल पाहिजे, माणसाचा नको. आता पक्क्या तालाने कान किटले तर माणूस हुडकून राहिले. माणूस काय भाजी आहे, फ्रिजमधून काढली आणि ताजी निघाली? मी तसं बोललोही. शिशिर हसला, आणि मग हळूच म्हणाला, "मैं पीछे खिसका देता हूँ, काका. सबको सत्तर. किसी को पता नहीं चलेगा." त्याने ते केलं. एका सेकंदात. आणि मागे सरकवलेलं माझं वाजवणं इतकं छान वाजलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्या हिरव्या विटांच्या नोंदीला मिडी म्हणतात, आणि मिडी म्हणजे काय हे लोकांना सांगता सांगता मी म्हातारा झालो. त्यांना वाटतं यंत्र आवाज धरतं. आवाज ते धरतच नाही. कोणती पट्टी दाबली, कोणत्या क्षणी दाबली, किती जोरात, आणि कधी सोडली, एवढंच लिहून ठेवतं. आवाज मागून कोणताही चढवा, पेटीचा, सनईचा, काचेच्या ग्लासांचा. म्हणजे सूर बाजूला काढला की मागे जे उरतं ते. नुसता हात. पोलीस पंचनामा करतात तसा बोटांचा पंचनामा. वर्षानुवर्षं हा पंचनामा माझ्या नावाने लिहिला जात होता आणि मी एकदाही वाचला नव्हता, कारण वाचायच्या आधीच आम्ही तो सरळ करत होतो.

स्टुडिओतून चालतच घरी आलो. खांदे दुखत होते, दुपारची उन्हं भिंतींवरून परत अंगावर येत होती, आणि डोक्यात एकच आकडा. घरी आल्याबरोबर बाबांची पेटी काढली. माझे बाबा, गुलाबराव, वर्ध्याकडून इथे रेल्वेत कारकून म्हणून आले आणि येताना एक ट्रंक, एक पेटी घेऊन आले. रेल्वे कॉलनीच्या भजनात त्यांच्याशिवाय कुणी सूर लावत नसे. मी मोबाईलवर तालाची टकटक लावली आणि साधं सारेगमप वाजवून तेही मोबाईलवरच धरलं. पेटीला वायर नाही, स्क्रीन नाही, उशीर होईल असं काही नाही. मग ऐकलं. बोट आधी, टकटक मागून. बोट आधी, टकटक मागून. दारातून विनोदिनी बघत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिला गाण्यातलं कळत नाही असं मी तितकीच वर्षं धरून चाललो होतो. मी विचारलं, "मी पुढं पळतो काय गं?" ती पदराला हात पुसत म्हणाली, "पोट्टी दोन वर्षांपासून दार लावून रियाज करून राहिली. तुमाले काहून नाही विचारावंसं वाटलं कधी?"

पोट्टी म्हणजे यामिनी, आमची मुलगी, बावीस वर्षांची. येत्या रविवारी इथल्या मराठी लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये तिचं पहिलं गाणं. पूर्ण एक तास, तिच्या एकटीच्या नावावर. आणि आमच्या घरात असं आहे की कुणी पहिल्यांदा चार लोकांपुढे गायला बसलं की पेटीवर घरचाच माणूस बसतो. माझी आत्या, अंजनाबाई, नऊवारीत घामाघूम होऊन पहिल्यांदा मंडळात गायली तेव्हा बाबा बसले होते, आणि आत्याचा आवाज चिरकला तिथे त्यांनी पेटी अशी काही भरली की चिरकलेलं लोकांना कळलंच नाही. मंडळातले म्हातारे अजून ते सांगतात. यामिनी जन्मली तेव्हापासून मला ही एक जागा ठाऊक होती. बाकी आयुष्यात माझी जागा कुठे होती? निवडणुकीच्या गाण्यात होती. खात्यांच्या गाण्यात होती. राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि प्रत्येक साहेबाला एक गाणं लागायला लागलं. पाणी वाचवा, झाड लावा, भाऊ निवडून आणा, सगळं एकाच चालीवर, फक्त नावं बदलायची. गाणी झाली की सीडीवर माझं नाव नसायचं, आणि बरंच झालं नसायचं ते. मी म्हणायचो, असू द्या, यामिनीच्या बाजूला बसीन एक दिवस. सहा दिवस राहिले होते.

हे दुखणं कुठून आलं ते मला लगेच कळलं, शोधावं लागलं नाही. भनपुरी. गावाच्या कडेची वस्ती, तिथला शामरावांचा स्टुडिओ. ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या वर दोन खोल्या, खाली चोवीस तास ट्रक. माईक लावला की त्यात ट्रक आधी यायचे आणि गाणारा नंतर, म्हणून शामरावांनी ठरवलं होतं की गळा तेवढा दुपारी, ट्रकवाले जेवायला जातात तेव्हा, धरायचा. बाकी सगळं वायरने. पेटीसुद्धा वायरने. म्हणजे मी कीबोर्ड वाजवायचा आणि कॉम्प्युटरने आतून पेटीचा आवाज काढायचा. फक्त तो आवाज उशिरा यायचा. पट्टी दाबली, आणि मग, पापणी लवावी इतक्या वेळाने, सूर. पहिल्या दिवशी मी मध्येच हात उचलला. स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटतो. आपण दार ठोकावं आणि आवाज शेजारच्या दारावर व्हावा. मी शामरावांना म्हणालो, हे असं नाही वाजवता येत. ते तंबाखू मळत म्हणाले, "अबे यज्ञेश्वर, एवढं काय डोक्शाले लावून घेतो? तू आधी दाबत जा ना थोडा. आवाज उशिरा येते, तर तू लवकर जा. जावयासारखं काहून रुसून राहिला?" आणि मी लवकर जायला लागलो. आठवड्याभरात सवय झाली. महिन्याभरात विसरलो की सवय केली होती. पंधरा वर्षं, दिवसाला दोन दोन गाणी, मी प्रत्येक सूर जिथे पाहिजे त्याच्या आधी दाबला, जेणेकरून तो जिथे पाहिजे तिथे ऐकू यावा. टेक संपला की शामराव म्हणायचे, कर सरळ. आणि सरळ.

दुसऱ्या दिवशी मी शिशिरला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, वो तो बस एक सेटिंग रहती है. एक नंबर. कम कर देते तो थोड़ी खरखर आती, पर देर नहीं होती. किसी ने देखा नहीं?" कुणी बघितलं नाही. कारण नागपूरहून एक माणूस येऊन ते यंत्र लावून गेला होता, आणि तो गेल्यावर शामरावांनी मॉनिटरच्या वर जाड मार्करने लिहून ठेवलं होतं: सेटिंगला हात लावू नये. आम्ही नाही लावला. शामराव वारले, त्यांच्या पोरांनी स्टुडिओ विकून खाली टायरचं दुकान काढलं, तोपर्यंत नाही लावला. मला इतरांचा राग येतो म्हणतात लोक, की यज्ञेश्वरचं तोंड फाटकं आहे. त्या दिवशी मला स्वतःच्या आज्ञाधारकपणाचा राग आला. मॉनिटरवरच्या एका ओळीला घाबरणारा माणूस, आणि याचं तोंड फाटकं म्हणे. यंत्राचा आजार यंत्राबरोबर भंगारात गेला पाहिजे होता. तो माझ्या हातात राहायला आला.

मग मी हात दुरुस्त करायला निघालो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. टकटक लावून सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. बोटाला म्हणायचं थांब. बोट थांबायचं, पण थांबलेलं बोट वाजवत नाही, ते हुकूम ऐकतं. सूर बरोबर रेषेवर यायचा आणि मेलेला यायचा. आणि जरा कुठे विसरून, मजा येऊन वाजवायला गेलो की पुन्हा पुढे. म्हणजे मला चांगलं वाजवायचं तर चूक वाजवावं लागत होतं, आणि बरोबर वाजवायचं तर वाजवणंच सोडावं लागत होतं. गुरुवारी संध्याकाळी मनगट सुजलं. विनोदिनीने हळद गरम करून लावली आणि म्हणाली, "आता या वयात हाताले मारून काय होते?" मी म्हणालो, "तू नको शिकवू." ती म्हणाली, "मी कुठं शिकवून राहिली. हळद लावून राहिली." मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मला बाबांची बोटं आठवत होती, पेटीवर अशी पडायची जशी चिमणी तारेवर बसते, तार हलतसुद्धा नाही. आणि मला खात्रीने आठवेना की माझी कधी तशी पडत होती का, की तेही मी मनातल्या मनात सरळ करून ठेवलं आहे.

यामिनीने मला काही विचारलं नाही. ती माझ्याशी हिंदीत बोलते, मी मराठीत, आणि आम्हा दोघांना त्यात काही वेगळं वाटत नाही; इथल्या सगळ्याच घरांत पोरं आता तशीच. शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज शिशिर भैया के यहाँ एक बार पूरा बिठा लेते हैं. तबलेवाले तो सीधे संडे को आएँगे, वो मशीन का ठेका लगा देंगे." मी म्हणालो, "माझं मनगट..." ती म्हणाली, "मालूम है. पेटी मैं उठा लूँगी." रिक्षात पेटी तिच्या मांडीवर होती. रस्त्याने ती खर्ज लावत होती, ओठ मिटून, आणि तिच्या गळ्याजवळची शीर हलत होती. मी ठरवलं होतं की तिला सांगायचं, माझ्याने होणार नाही. चौकात सांगीन. पुढच्या चौकात सांगीन. मग शिशिरचं दार आलं.

आणि त्या दिवशी जमलं. मी काय सांगू. मशीनचा तीनताल लागला, तिने यमन सुरू केला, आणि मी थांबायचं विसरून, हाताला हुकूम न देता, जसा वाजवतो तसा वाजवत गेलो. आणि आम्ही सोबत होतो. ती गेली तिथे मी होतो. ती श्वास घ्यायला थांबली ती जागा मी भरली, बाबांनी भरली असती तशी. मुखड्यावर येताना आम्ही दोघं असे यायचो की काचेच्या पलीकडे बसलेला शिशिर मान हलवत होता. पाऊण तास. माझा शर्ट पाठीला चिकटला, मनगट ठणकत होतं आणि मला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं गेलं. जसं आलं तसं गेलं, मुलीच्या गळ्याने काढून घेतलं. संपल्यावर मी तिला म्हणालो, "बघ, बसलं." ती म्हणाली, "हव बाबा. बैठ गया." आणि पाणी प्यायला उठली.

शिशिरने धरून ठेवलं होतं. मी म्हणालो, "दाखव." तो म्हणाला, "काका, रहने दो ना. अच्छा था." तिथेच मला कळायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "दाखव म्हणतो ना मी." यावेळी विटा नव्हत्या, माईकने धरलेला खरा आवाज होता, डोंगराच्या रांगेसारखा, वर तिचा गळा, खाली माझी पेटी, सर्वांत खाली मशीनचा ठेका, प्रत्येक ठोका बरोबर रेषेवर. माझी पेटी रेषेच्या डावीकडे. ते मला आता बघवत होतं, ओळखीचं झालं होतं. मग वर बघितलं. तिची प्रत्येक ओळ, प्रत्येक अक्षर जिथे फुटतं ती जागा, रेषेच्या डावीकडे. माझ्या बरोब्बर वर. आम्ही दोघं सोबत होतो कारण आम्ही दोघं चुकत होतो. शिशिरने त्याच स्क्रीनवर मागच्या महिन्याचं तिचं एकटीचं गाणं उघडलं, मी न सांगता, बहुतेक माझी दया येऊन. तिथे ती रेषेवर होती. पाण्यासारखी, प्रत्येक मात्रेवर.

ती बाटली हातात घेऊन मागे उभी होती. मी विचारलं, "तुले माहीत होतं?" ती म्हणाली, "आपके साथ ऐसे ही गाना पड़ता है बाबा. बचपन से. थोड़ा पहले बोल दो तो बैठ जाता है." मी विचारलं, मग दार कशाला लावते? ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "वापस लाने के लिए. आपके साथ गा लेती हूँ तो दो दिन लगते हैं वापस आने में. पहले एक दिन लगता था." तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाली, "एक ही घंटे की तो बात है संडे को. मैं कर लूँगी. सच में. लोगों को क्या समझता है?"

मी पंधरा वर्षं ज्या यंत्राची समजूत काढत होतो, ते यंत्र तिच्यासाठी मी होतो. मी आधी दाबायचो, ती आधी बोलायची, आणि दोघांनीही कुणाच्या सेटिंगला हात लावला नाही. तिने तर माझ्यापेक्षा चांगलं केलं, दार लावून रोज स्वतःला परत आणत राहिली. पण आता दोन दिवस लागत होते. मग तीन लागतील. मग एक दिवस दार लावायचं विसरेल, आणि तिलाच कळणार नाही की कधी विसरली. मला शामरावांसारखी तंबाखू खावीशी वाटली, जी मी कधी खाल्लेली नाही. मी शिशिरला म्हणालो, "रविवारी तू बस पेटीवर." तो म्हणाला, "काका, मैं?" मी म्हणालो, "भनपुरीच्या आधी शिकला ना तू माझ्याजवळ? तेवढं पुरे आहे." यामिनी म्हणाली, "बाबा, नहीं. घर का आदमी बैठता है. लोग क्या बोलेंगे, आप सामने होते हुए..." मी म्हणालो, "लोकाले सांग बापाचं मनगट सुजलं. खोटं थोडीच आहे?" तिचा आवाज चढला, "आप बीस साल से यही बोल रहे थे कि एक दिन बैठूँगा!" मी उठून उभा राहिलो. ती रडली नाही. बाटलीचं झाकण लावत राहिली, ते आधीच लागलेलं होतं. मग शिशिरपुढे पेटी सरकवून म्हणाली, "भैया, मुखड़े से लेते हैं." मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. आतून ऐकू येत होतं. पहिल्या दोन आवर्तनांत ती पुढे पळाली, शिशिर सापडत नव्हता तिला. तिसऱ्यात परत आली.

रविवारी हॉल भरला. मंडळातल्या म्हाताऱ्यांनी मला मनगटाचं विचारलं, मी फडकं बांधलेला हात दाखवला, आणि एक जण म्हणालाच, गुलाबराव असते तर तुटलेल्या हाताने बसले असते. मी म्हणालो, "असते. ते होतेच तसे." विनोदिनीने माझ्या बाजूची खुर्ची धरून ठेवली होती, तिसऱ्या रांगेत. यामिनीने समोर बघितलं, आम्हाला नाही, कुठेतरी आमच्या डोक्यावरून. शिशिरने सूर दिला. तिने मुखडा उचलला, तबला खाली उतरत आला, आणि ती समेवर आली, न घाई, न उशीर, जिथे सम असते तिथे, आणि सगळा हॉल एकदम "हां" म्हणाला. मी पण म्हणालो. पण माझी बोटं गुडघ्यावर तिच्या आधीच पडून गेली होती. विनोदिनीने खाली बघितलं, मग समोर बघत राहूनच स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबून धरला, पुढची सम येऊन जाईपर्यंत, आणि तिच्या पुढचीसुद्धा.